वाळू असली तरी ते धरणच आहे: आई-बाबा आणि मुलांना घेऊन फॉल्समला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून जुलैतल्या एका शनिवारी सॅक्रमेंटोजवळच्या फॉल्सम लेकला दिवसभरासाठी जायचंय. बरोबर पुण्याहून आलेले आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलगी वर्षभर पोहण्याच्या क्लासला जाते, मुलाला पोहता येत नाही, नवऱ्याला जेमतेम येतं. ‘लाटा नाहीत, पाणी कोमट आहे, वाळू आहे, म्हणजे समुद्रापेक्षा बरंच ना? कुठल्या किनाऱ्यावर जाऊ आणि काय काय नेऊ?’

मी सॅक्रमेंटोच्या परिसरात गेली १९ वर्षं पोहायला शिकवते. माझ्या वर्गात निम्मे तरी आपल्याकडचे मोठे लोक असतात, चाळिशीत पहिल्यांदा पाण्यात उतरणारे. दर उन्हाळ्यात चार-पाच कुटुंबांना घेऊन मी फॉल्समला जाते. तेव्हा जरूर जा. मुलांसाठी मी पॅसिफिकपेक्षा फॉल्समच निवडेन. आपल्या बाजूच्या समुद्राचं पाणी भर जुलैतही बारा-चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि किनाऱ्यावर अचानक आत चढून येणारी मोठी लाट उभ्या माणसाला ओढून नेते. तिथे चार वर्षांच्या मुलाला घोट्यापर्यंतही सोडवत नाही. फॉल्समला तो दिवसभर पाण्याच्या कडेला खेळेल. फक्त एक गोष्ट मनात पक्की करून निघा. तो समुद्रकिनारा नाही, नैसर्गिक तळंही नाही. ते धरणाचं पाणी आहे. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

तुमच्या बाबांना सांगितलंत तर त्यांच्या लगेच लक्षात येईल. अमेरिकन नदीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन फाटे एकत्र येतात त्याच्या खाली बांधलेलं हे धरण १९५६ मध्ये पुरं झालं. साठा साधारण ४१-४२ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास भरतात, म्हणजे त्यांच्या जवळपास दीडपट. पण आपल्याकडची धरणं पावसाळ्यात भरतात आणि जूनमध्ये तळ दाखवतात. फॉल्समचं उलटं आहे. हिवाळ्यात पुराला जागा हवी म्हणून ते मुद्दाम रिकामं ठेवतात, वसंतात सिएरा नेवाडाचं बर्फ वितळून ते भरतं, आणि जूनमध्ये काठोकाठ असतं. जुलैपासून पाणी उतरायला लागतं ते थेट हिवाळ्यापर्यंत.

याचा तुमच्या शनिवारशी काय संबंध? मागच्या जुलैत मैत्रिणीने ज्या जागी मुलांना कमरेएवढ्या पाण्यात खेळवलं, ती जागा यंदा कोरडी असू शकते, किंवा डोक्याच्या वर पाणी असलेली. उथळ भाग दर आठवड्याला सरकतो. समुद्राचा तळ लाटांनी घासून सपाट झालेला असतो. धरणाखाली मात्र बुडालेली टेकडी असते, तिचे ओढे, तिच्या घळी, जुने रस्ते आणि मोठमोठे धोंडे जसेच्या तसे पाण्याखाली असतात. वरून दिसते फक्त छान पिवळी वाळू.

ही वाळू येते कुठून तेही सांगते, कारण आपल्याकडच्या लोकांची फसगत नेमकी इथे होते. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट. तो झिजला की काळी माती होते, म्हणून पानशेत किंवा मुळशीच्या काठाला पाय ठेवला की चिखल लागतो आणि माणूस आपोआप सावध होतो. फॉल्समच्या या बाजूला ग्रॅनाइट आहे. तो कुजतो तेव्हा त्यातली गारगोटी तशीच उरते आणि भरड वाळू होते. इथल्या एका किनाऱ्याला ग्रॅनाइट बे हे नाव उगाच पडलेलं नाही. ती वाळू पायाला इतकी घट्ट लागते की माणूस बिनधास्त पुढे जात राहतो. छातीपर्यंत पाणी येतं, वाळू अजून घट्टच, आणि पुढच्या पावलाला खाली काहीच नसतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी पाणी भराभर उतरत होतं त्या ऑगस्टमध्ये आमच्या गटातले एक बाबा पाच वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन पाण्यात उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं, पण पाय टेकत होते. फोटो काढणाऱ्या बायकोने सांगितलं, जरा मागे सरका. ते दोन पावलं मागे सरले आणि दोघंही दिसेनासे झाले. शेजारून कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन जाणाऱ्या एका तरुणाने मुलीचा दंड धरला, मी बाबांकडे रिकामा कूलर ढकलला. दोघं सुखरूप आहेत. मुलीला त्या दिवशी लाईफ जॅकेट घातलेलं नव्हतं, कारण ‘बाबांच्या कडेवर तर आहे’. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: ज्याला पोहता येत नाही, तो मोठा माणूस मूल घेऊन गुडघ्याच्या पुढे जाणार नाही. तुमच्या यजमानांना हे आधीच, घरी, प्रेमाने सांगा. पाण्याच्या काठावर, सासू-सासऱ्यांसमोर सांगाल तर मन दुखावेल आणि ऐकलंही जाणार नाही.

पातळी बघायची सोय आहे. कॅलिफोर्निया सरकार मोठ्या जलाशयांची रोजची पातळी जाहीर करतं, फॉल्समचा संकेत ‘एफओएल’. पूर्ण भरल्यावर समुद्रसपाटीपासून ४६६ फूट. त्या जवळ असेल तर वाळूचा पट्टा अरुंद असतो, झाडं पाण्यात उभी असतात आणि सावली पाण्यालगत मिळते. जसजसा आकडा खाली येतो तसतशी गाडीपासून पाण्यापर्यंतची चाल वाढते. ४३० च्या आसपास आला की तापलेल्या वाळूतून सामान वाहत बरंच जावं लागतं, आणि आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. दुष्काळात तर इतकं उतरतं की १८४८ च्या सोन्याच्या काळातलं मॉर्मन आयलंड हे बुडालेलं गाव वर येतं. २०१४ मध्ये लोक त्याचे पाये बघायला जात होते. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ बघायला गर्दी होते, तसंच. बाबांना ही गोष्ट आवडेल, गाडीत सांगा.

आता कुठे जायचं. तुमच्यासाठी दोनच जागा विचारात घ्या: ग्रॅनाइट बे आणि बील्स पॉइंट. दोन्हीकडे पोहण्याचा भाग तरंगत्या खुणांनी आखलेला असतो, उन्हाळ्यात जीवरक्षक असतात, स्वच्छतागृहं आहेत. ग्रॅनाइट बेची वाळू मोठी आणि मुलांना किल्ले करायला फार छान. पण आई-बाबा बरोबर असतील तर मी बील्स पॉइंट म्हणेन. तिथे हिरवळ आहे, पाणी आणि गाडी यांच्यामध्ये बसायला नीट जागा आहे, आणि तिथून सॅक्रमेंटोपर्यंत ३२ मैल जाणारी पक्की सायकलवाट सुरू होते. बाबांना सकाळी तिच्यावर अर्धा तास फिरता येईल. फक्त कडेने चाला म्हणावं, सायकली वेगात येतात.

लेक नाटोमाला मात्र मुलांना पोहायला नेऊ नका. नकाशात ते फॉल्समच्या खाली लागूनच दिसतं, शांत आणि रिकामं दिसतं, आणि फॉल्समला गाड्या आत सोडायचं फाटक गर्दीमुळे बंद झालं की लोक तिकडे वळतात. पण नाटोमात येणारं पाणी फॉल्सम धरणाच्या खोल थरातून सोडलेलं असतं. खालच्या नदीतल्या सामन आणि स्टीलहेड माशांना गार पाणी लागतं, म्हणून ते तसं सोडतात. फॉल्समचं वरचं पाणी जुलैत पंचाहत्तर फॅरनहाइटच्या घरात असताना नाटोमाचं साठीच्या आसपास असू शकतं. बाहेर शंभर अंश ऊन, तापलेलं अंग आणि एकदम असं पाणी! श्वास धापेने आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं, आणि थोड्या वेळाने हातपाय चालेनासे होऊ लागतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही हेच होतं. कायाक चालवायला नाटोमा सुंदर आहे, तेही जॅकेट घालून.

लाईफ जॅकेटवर खर्च करा. बाकी सगळं उसनं चालेल, हे नाही. आत अमेरिकन कोस्ट गार्डच्या मान्यतेचा छाप हवा. चार वर्षांच्या मुलासाठी ३० ते ५० पौंडांचं, मुलीसाठी बहुधा ५० ते ९० पौंडांचं. वय नका बघू, वजन बघा. घालून पट्टे आवळा आणि खांद्याला धरून मुलाला उचला. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलासाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. दंडावरचे हवेचे फुगे, कमरेचं रिंगण, मोठा फुगवलेला हंस ही खेळणी आहेत. दुपारी वारा पाण्याकडे वाहायला लागला की तो हंस मुलासकट आखलेल्या भागाच्या बाहेर जातो, आणि तुम्ही पोहत त्याला गाठू शकत नाही. मी आमच्या गटात हंस आणूच देत नाही. बोटीत बसणार असाल तर १३ वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत जॅकेट घालणं कॅलिफोर्नियात कायद्यानेच सक्तीचं आहे. मुलगी म्हणेल, मला पोहता येतं. क्लासच्या तलावात तळ दिसतो, भिंत दिसते, खोली लिहिलेली असते. इथे यातलं काहीच नाही. तिलाही घालाच, आणि यजमानांनाही. मोठ्या माणसाने घातलं की मुलं कुरकुर करत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुडणारं माणूस ओरडत नाही. सिनेमात हात हलवून ‘वाचवा’ म्हणतात, प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर ओरडणार कुठून? अंग उभं, मान मागे, डोळे काचेसारखे, हात बाजूला पाणी दाबत असलेले. हे वीस ते साठ सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा आसपासच्यांना वाटलं, पोर खेळतंय. खेळणारी मुलं आवाज करतात. तुमचं मूल गप्प झालं की आधी त्याच्याकडे बघा.

म्हणून पाळी लावा. एका वेळी एकच मोठा माणूस, पंधरा मिनिटं, नजर फक्त मुलांवर. हातात फोन नाही, डबा नाही, गप्पा नाहीत. आम्ही गळ्यात एक शिट्टी घालतो, शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात गेली की पाळी बदलली. आपल्याकडे सहा मोठी माणसं काठावर असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आजी-आजोबांवर हे काम टाकू नका. त्यांचा जीव मुलांवर असतो, पण पाण्याच्या चकाकीत ऐंशी फुटांवरचं डोकं दिसणं आणि वेळेला धावणं त्यांना जमेलच असं नाही. आणि नंतर आयुष्यभर ते स्वतःला दोष देत राहतील. लहानग्याच्या बाबतीत पाळी पुरत नाही. तो पाण्यात असताना कोणीतरी हाताच्या अंतरावर हवं.

कोणी अडचणीत आलं तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी घालायची नाही. मी हे वर्गात शंभरदा म्हणवून घेते, तरी आई-बापाचे पाय थांबत नाहीत हे मला माहीत आहे. त्यासाठी हाताशी काहीतरी असू द्या: रिकामा कूलर, झाकण घट्ट लावलेला मोठा प्लास्टिकचा कॅन, दोरी बांधलेलं जादा जॅकेट. ते फेका, काठी किंवा टॉवेल पुढे करा, जीवरक्षकाला हाक मारा, ९११ लावा आणि किनाऱ्याचं नाव सांगा. नुसतं ‘फॉल्सम लेक’ म्हटलं तर काठ ७५ मैलांचा आहे. बाहेर काढलेलं माणूस श्वास घेत नसेल तर आधी दोन श्वास तोंडाने द्या, मग छातीवर दाब. बुडण्यात हृदयाच्या आधी श्वास थांबलेला असतो, म्हणून नुसता दाब पुरत नाही. तुम्ही आणि यजमान दोघांनी जाण्याआधी एका शनिवारी हे शिकवणारा सीपीआरचा वर्ग करून टाका.

बाबांबद्दल एक. विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीला पाण्याची भीती नसते, आणि त्याचा मला आदर आहे. पण चाळीस वर्षांत पाण्यात न उतरलेला माणूस एकदम सूर मारायला जातो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. इथे पाण्याखाली धोंडे आहेत आणि ते दिसत नाहीत. सूर अजिबात नाही. चालत उतरायचं, छातीपर्यंत जायचं, काठाला समांतर पोहायचं. गोड्या पाण्यात अंग समुद्रापेक्षा कमी तरंगतं आणि लवकर दमायला होतं, हेही त्यांना सांगा.

आणि आईंबद्दल. त्या बहुतेक आधी वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावतील, मग पाय बुडवतील. माझी सासू दरवेळी तसंच करायची. त्यांना तो आनंद मिळालाच पाहिजे. फक्त साडी किंवा घेरदार सुती पंजाबी ड्रेस घालून घोट्याच्या पुढे नको. ओलं सुती कापड पायात गुंडाळतं आणि जड होतं. गुडघ्यापर्यंतची पँट आणि वर पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मागे पट्टा असलेल्या चपला. एक हलकी घडीची खुर्ची पाण्यात सहा इंच आत ठेवा आणि त्यांना तिच्यावर बसवा. बसल्या बसल्या पाय पाण्यात, नातू समोर. माझ्या अनुभवात सहलीतली ही सगळ्यात सुखाची जागा.

वेळेचं गणित सोपं आहे. फ्रीमाँटहून दोन तास धरा, म्हणजे सकाळी सहाला निघा. सुट्टीच्या दिवशी फाटकं सकाळीच भरून बंद होतात. लवकर पोहोचलात तर सावलीतली जागा मिळते आणि पाणी आरशासारखं असतं. जुलैची दुपार शंभर फॅरनहाइटच्या वर जाते. पुण्याचा मे महिना पाहिलेल्यांना वाटतं, हे काय ऊन! पण इथली हवा कोरडी, घाम दिसायच्या आत सुकतो, आणि तहान लागली असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. बाबा रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. एक-दीडला आवरतं घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

खाण्यात धपाटे, दही, काकडी, दडपे पोहे, पाण्याऐवजी मधूनमधून मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत. काचेची बाटली नको. आंबा आणि गोड सरबत उघडं ठेवलंत की पिवळ्या गांधीलमाश्या हजर होतात. शेगडी पेटवायची असेल तर त्या दिवशी आगीची बंदी आहे का ते फाटकावर विचारा.

थोडं किरकोळ. काठावरच्या वाळक्या गवतात कुसळं असतात, ती मोज्यातून कातडीत शिरतात. त्याच गवतात आणि धोंड्यांत खडखड्या साप (विषारी रॅटलस्नेक) असतो, म्हणून मुलांना वाटेवरूनच चालवा आणि दगडाखाली हात घालू देऊ नका. तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर ते पॉइझन ओक, हात लावला की आठवडाभर खाज. बदकांची घाण जिथे साचलीय त्या कोपऱ्यात खेळवू नका, आणि पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका. स्वतःचा पॅडलबोर्ड नेणार असाल तर त्या आठवड्याचे नियम बघून न्या, आणि नेताना तो स्वच्छ, कोरडा ठणठणीत हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉक्टनच्या बंदरात गोल्डन मसल नावाचा परका शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि तो ओल्या बोटीबरोबर धरणात शिरू नये म्हणून तेव्हापासून तपासण्या कडक झाल्या आहेत.

शुक्रवारी रात्री पातळीचा आकडा बघा आणि मला कळवा. त्यावरून वाळूतली चाल किती पडेल ते सांगेन, आणि बील्स पॉइंटला कुठल्या बाजूला बसलात तर आईंना कमी चालावं लागेल तेही.